जावळीचं जंगल आणि षटकोनी घरं

प्रतापगड सातारा जिल्ह्यात मोडतो. हे पोलादपूरच्या माणसाला माहीत असतं, पण मनापासून मान्य नसतं. आमच्या बाजूने आंबेनळी घाट चढत गेलं की वळणावळणांतून गड दिसायला लागतो, आणि गडावरून पश्चिमेला पाहिलं की खाली आमचंच खोरं असतं. गडाच्या या अंगाला पडलेला पाऊस सावित्रीला मिळतो आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्रात जातो. त्या अंगाला पडलेला पाऊस कोयनेत, कोयनेतून कृष्णेत आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात. गड बरोबर या पाणलोटाच्या रेघेवर उभा आहे. ही रेघ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी शिक्षणाने आणि पोटापाण्याने संगणकवाला. इतिहासाची पदवी नाही, मोडी वाचता येत नाही. पण इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत अभ्यासाइतकाच वेळ टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी गेम्सना दिलाय. ज्यांनी हे खेळ खेळले नाहीत त्यांच्यासाठी: बुद्धिबळासारखं एकदा तू, एकदा मी. फरक इतकाच, की आपल्या एका टर्नमध्ये सगळी प्यादी हलवता येतात, पट म्हणजे नद्या, डोंगर, जंगलं असलेला नकाशा असतो आणि बहुतेकदा त्यावर धुकं असतं. आपल्या सैनिकांना जेवढं दिसतं तेवढाच नकाशा उजळ, बाकी काळोख. अचानक हल्ल्याची सगळी गंमत त्या काळोखात असते.

महाड-पोलादपूरच्या पोराला असे खेळ खेळताना जावळी आठवणार नाही, हे शक्यच नाही. १० नोव्हेंबर १६५९ हा आमच्याकडे तारीख म्हणून सांगावा लागत नाही. आणि जावळी आठवली की एक प्रश्न मला सारखा छळतो. या खेळांमध्ये अचानक हल्ला ज्या पद्धतीने लिहिलेला असतो, त्या पद्धतीने प्रतापगडाची लढाई होऊच शकत नाही. मग झाली कशी?

आधी खेळांचं बघू. ॲडव्हान्स वॉर्स हा २००१चा निन्टेंडोच्या हातातल्या डबीवरचा खेळ. त्यात धुकं असेल तेव्हा झाडीत उभं असलेलं युनिट, शत्रू अगदी शेजारच्या घरात येईपर्यंत दिसत नाही. न दिसणाऱ्या युनिटवर तुमचा रणगाडा आदळला, तर त्याची चाल तिथेच संपते. बिचारा आ वासून उभा राहतो आणि पुढचा टर्न शत्रूचा. एक्सकॉम २ (२०१६) मध्ये तुमची तुकडी बऱ्याच मोहिमांत सुरुवातीला लपलेली असते. सगळ्यांनी नेम धरून बसायचं, शत्रूची टोळी टप्प्यात आली की एकाने गोळी झाडायची आणि बाकीच्यांनी तिची चाळण करायची. एरवी अशा दबा धरून मारलेल्या गोळीला नेमाचा दंड बसतो. लपलेले असताना तो माफ.

माझा सगळ्यात लाडका खेळ मात्र बॅटल फॉर वेस्नॉथ. फुकट, मुक्तस्रोत, हॉस्टेलच्या कुठल्याही जुनाट लॅपटॉपवर चालणारा. षटकोनी घरांचा पट, आणि प्रत्येक जातीच्या सैनिकाला प्रत्येक जमिनीचा वेगळा खर्च. घोडेस्वाराला एका टर्नला आठ हालचाली मिळतात. सपाटीवर एका घराला एक जाते, टेकडीवर दोन, जंगलात तीन, आणि उंच डोंगर त्याला पूर्ण बंद. हे आकडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं, हे लिहिणारा कधीतरी घोडा घेऊन वरंध घाटात उतरलेला असणार. याच खेळात वोस नावाची चालती झाडं आहेत. ती जंगलात उभी राहिली की दिसत नाहीत, शेजारी जाऊन धडकलात तरच कळतं. खेळाच्या फाइलींमध्ये हा गुण चार-सहा ओळींत लिहिलेला आहे: जमीन जंगल असेल तर हे युनिट अदृश्य.

इथेच गोम आहे. या सगळ्या खेळांत अचानकपणा हा प्याद्याचा गुण असतो. प्यादं दिसत नाही, म्हणून हल्ला अचानक. शाळेत ऐकलेला गनिमी कावाही साधारण असाच असतो: सह्याद्री, दाट जंगल, झाडामागे मावळा, खालून गाफील शत्रू चाललाय.

या वर्णनात चपखल बसणारी एक लढाई आहे, आणि ती आजच्या रायगड जिल्ह्यातच झाली. २ फेब्रुवारी १६६१, उंबरखिंड, खालापूर तालुका. शाईस्ताखानाने पाठवलेला कारतलबखान लोणावळ्याच्या बाजूने घाट उतरून कोकणात येत होता. खिंडीत वाट अरुंद, दोन्ही बाजूंना रान, पाण्याची वानवा. मराठ्यांनी पुढून मागून तोंडं बंद केली. सोबत असलेल्या रायबागनने शरण जायचा सल्ला दिला आणि खान खंडणी भरून परत गेला. धुकं, जंगल, अदृश्य प्यादी, अडकलेली चाल, सगळं आहे. वेस्नॉथमध्ये हा नकाशा एका संध्याकाळी तयार होतो आणि दर वेळी तसाच संपतो.

जावळीचा नकाशा मी तीन महिने करत होतो.

पट मोठा घेतला. पूर्वेला वाई, मध्ये महाबळेश्वरचं पठार, खाली कोयनेचं खोरं आणि पार, त्यावर गड, गडामागे सावित्रीचा उतार. संगणकाला खान केला. त्याने काय करावं? स्वतः वाईच्या ठाण्यात बसून राहिला आणि भरती केलेल्या तुकड्या जशा तयार होतील तशा एकेक करून घाटात सोडत गेला. मी त्या एकेक करून मारत गेलो. जिंकलो, पण याला प्रतापगड म्हणणं म्हणजे गल्लीतल्या क्रिकेटला लॉर्ड्स म्हणणं. मग ऑफिसातल्या एका मित्राला खान केला. तो मराठी, चौथीचा इतिहास पाठ. तो वाईतून हललाच नाही. वीस टर्न नुसता गावांचा महसूल गोळा करत बसला आणि वर मला म्हणतो, "येडा आहे का मी खाली उतरायला?"

खरा प्रश्न हाच आहे. अफझलखानही येडा नव्हता.

खान त्या मुलखाला परका नव्हता. वाईचा सुभा पूर्वी त्याच्याकडे होता. जावळीचं महत्त्व विजापूर दरबारात कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती, कारण कोकणच्या बंदरांतला माल महाडवरून वर देशावर जायचा, त्या वाटा जावळीकरांच्या हातात असत. १६५६ साली शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली, त्यानंतर महाडच्या डोक्यावरचा रायरी घेतला (तोच पुढचा रायगड), आणि भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड बांधून काढला. यातलं काहीही गुप्त नव्हतं. गड लपवता येत नाही. तो कुठे आहे, भोवती रान किती आहे, घोडा तिथे किती निकामी आहे, हे खानाला ठाऊक होतं. धुकं नव्हतंच म्हणा ना.

आता चालींचा क्रम बघा. जुलै १६५९मध्ये महाराज राजगड सोडून प्रतापगडावर आले. पाऊस चालू होता. महाबळेश्वरच्या पट्ट्यात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे ते चार महिने तिथे कोणाचीच मोठी फौज हलत नाही. खान वाईत. सप्टेंबरात राजगडावर सईबाई गेल्या. महाराज प्रतापगडावरच होते. दसरा-दिवाळीचे दिवस वकिलांच्या ये-जा करण्यात गेले: खानाकडून कृष्णाजी भास्कर, इकडून पंताजी गोपीनाथ बोकील. निरोपांचा मथळा एकच: मी घाबरलोय, वाईला यायचा धीर होत नाही, आपण वडीलधारे, आपणच जावळीला या.

आणि मग ती चाल, जी मी कुठल्याच खेळात कोणाला खेळताना पाहिलेली नाही. जदुनाथ सरकारांनी लिहिलंय की महाराजांच्या हुकमाने रान तोडून खानाच्या फौजेसाठी वाट मोकळी केली गेली आणि ठिकठिकाणी खाण्यापिण्याची सोय ठेवली गेली. म्हणजे स्वतःचे टर्न खर्च करून शत्रूची चाल स्वस्त करायची. जंगलाच्या घरावर रस्ता टाकायचा, घोड्याचा तीनचा खर्च एकवर आणायचा. लपायला उपयोगी पडलं असतं तेच रान कापून द्यायचं! वेस्नॉथच्या अर्थाने बघितलं तर ही शुद्ध आत्महत्या आहे.

खान रडतोंडी घाटाने उतरला आणि कोयनेकाठी पारला तळ पडला. वाईहून आजच्या रस्त्याने हे अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. उतरल्यावर मात्र हिशोब बदलला. दहा-बारा हजारांची घोडदळाची फौज आता अशा खळग्यात होती, जिथून वर जायच्या वाटा मोजक्या आणि त्याही दुसऱ्याच्या हातात. बखरींवरून दिसतं ते असं: पूर्वेच्या अंगाला नेतोजी पालकरांचं घोडदळ आणि कोकणाच्या अंगाने मोरोपंतांचं पायदळ. ती पाणलोटाची रेघ इथे लागते. पारच्या तळावरून सावित्रीचं खोरं दिसत नाही, मध्ये गडाची आख्खी धार आहे. आमच्या बाजूला काय जमलंय हे कोयनेच्या बाजूच्या माणसाला कळायला गड चढून वर यावं लागेल. हा माझा अंदाज, पण ज्याने दोन्ही बाजूंनी तो डोंगर पाहिलाय त्याला तो फार धाडसी वाटणार नाही.

शामियान्यात काय झालं, पहिला वार कोणाचा, बिचवा की वाघनख, यावर आपल्याकडे ग्रंथ आणि भांडणं दोन्ही भरपूर आहेत. २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली, तीही वादासकट. ती त्याच भेटीतली असल्याचं खात्रीने सांगता येत नाही, हे खुद्द त्या संग्रहालयाचंच म्हणणं. मला त्या भांडणात पडायचं नाही. लढाई म्हणून पाहिलं तर पहिला वार कोणाचा याने फारसा फरक पडत नाही. समजा भेटीत फक्त खान मेला असता आणि पारला त्याची फौज शाबूत राहिली असती, तर दुसऱ्या दिवशी त्या फौजेला दुसरा सरदार मिळाला असता. प्रतापगडाचा अचानक हल्ला शामियान्यात झालाच नाही. तो गडावरच्या तोफेचा बार झाल्यावर खाली पारला झाला. चित्रांमध्ये आपण नेहमी शामियाना काढतो, पार कोणी काढत नाही.

राजापूरच्या इंग्रज वखारीला थोड्याच दिवसांत पोचलेली बातमी तीन हजार माणसं पडल्याची होती. सभासदाच्या बखरीत मिळकतीची यादी आहे: ६५ हत्ती, ४,००० घोडे, १,२०० उंट, शिवाय कापडचोपड आणि रोकड. ही बखर १६९४च्या आसपास, घटनेनंतर पस्तीस वर्षांनी जिंजीला लिहिलेली, तेव्हा आकडे सैल हाताने घ्यावेत. पण त्या सैल आकड्यांतूनही एक कळतं. घोडे मेले नाहीत, हाती लागले. घोडदळाला स्वार व्हायलाच वेळ मिळाला नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. त्यांचा टर्न आलाच नाही.

मग मी नकाशा पुन्हा केला. सगळी नावं काढून टाकली, पट नव्वद अंशांत फिरवला, वाईचं नाव उत्तरेचं ठाणं ठेवलं आणि बंगळुरूच्या एका सहकाऱ्याला खेळायला दिला. वेस्नॉथमध्ये गावं ताब्यात घेतली की सोनं मिळतं, म्हणून घाटाच्या वाटेवर चार गावं राखण न ठेवता सोडली. तो उतरला. महत्त्वाचं पुढे आहे: उतरताना त्याच्या टेहळ्याला माझी पाच युनिटं दिसली होती. खेळ संपल्यावर विचारलं, दिसली तरी का आलास? तो म्हणाला, "पाचच तर होती."

त्या वाक्यासाठी मी तीन महिने घालवले असं म्हटलं तरी चालेल. त्याला डोळ्यांनी दिसत होतं. दिसलेल्याचा अर्थ त्याने आधीच ठरवलेला होता: समोरचा कमजोर आहे. पाच दिसली, ती या अर्थात बसली. पन्नास दिसली असती तर कदाचित बसली नसती, आणि न दिसणाऱ्या पंचेचाळिसांना माझ्या मांडणीत तेवढंच काम होतं. खानाच्या बाबतीतही वाट मोकळी केलेली दिसते, शिधा मांडलेला दिसतो, गडावरचा माणूस खाली येत नाही हेही दिसतं. यातली प्रत्येक गोष्ट भ्यालेल्या शत्रूची खूण आहे आणि प्रत्येक गोष्ट सापळ्याचीही खूण आहे. दोन्ही वाचनं शक्य आहेत. वकिलांनी दोन महिने फक्त पहिल्या वाचनाची मशागत केली.

कौटिल्याने प्रकाशयुद्ध, कूटयुद्ध आणि तूष्णींयुद्ध असे प्रकार सांगितले आहेत, आणि कूटयुद्धात पराभवाचं सोंग घेऊन शत्रूला अडचणीच्या जमिनीवर ओढणं येतं. म्हणजे कल्पना जुनी. रॉबर्टा वोल्स्टेटर यांचं पर्ल हार्बरवरचं १९६२चं पुस्तक शेवटी हेच सांगतं की अमेरिकेकडे इशाऱ्यांची कमतरता नव्हती. इशारे इतर गलक्यात आणि आधीच्या समजुतींत बुडाले. प्रशियाच्या राइसविट्झने १८२४मध्ये सैन्याला दाखवलेल्या युद्धखेळात तर दोन खेळाडूंच्या मध्ये पंच असे. एक टर्न म्हणजे दोन मिनिटं, आणि कोणाला काय दिसलं हे पंच ठरवून सांगे. संगणकाने पंचाची दिसण्याची बाजू अचूक उचलली. पण दिसलेल्यावर माणूस काय विश्वास ठेवतो, हे लिहायला फाइलीत जागा नाही. ती जागा समोरच्या खेळाडूच्या डोक्यात असते, आणि म्हणूनच धुकं अजिबात नसलेल्या बुद्धिबळातही माणसं वजीर हकनाक गमावतात.

आणखी एक गोष्ट कुठल्याच पटावर बसत नाही. खेळात लाल प्यादं लालच राहतं. जावळीत प्याद्यांना आपला रंग निवडायचा होता. जून १६५९मध्ये आदिलशाहाचं फर्मान कारीच्या कान्होजी जेध्यांना गेलं: खानाला सामील व्हा. नाही झालात तर वतन जाईल, जीव जाईल, हे सांगायची गरज नव्हती. कान्होजी महाराजांकडे राहिले. त्याच मावळातले खंडोजी खोपडे खानाकडे गेले. हे दोघं शेजारी, दोघांनाही डोंगर सारखाच माहीत. सह्याद्री आपला होता म्हणून आपण जिंकलो, असं म्हणताना हे निसटतं. डोंगर कोणाचाच नसतो. वाटा माहीत असलेली माणसं कुठल्या बाजूला उभी राहिली, हा हिशोब आहे. आणि ती आपोआप राहिली नाहीत. वतनावर पाणी सोडून ती राहिली.

याचा पुरावा त्याच दिवशीचा आहे. खानाचा मुलगा फाजलखान त्या कत्तलीतून सुटला, आणि सुटला तो प्रतापराव मोऱ्यांनी रानातून कोयनेच्या काठाकाठाने काढून दिलेल्या वाटेने. जावळीच्या मोऱ्यांचाच माणूस तो. ज्या जंगलाने फौज गिळली, त्याच जंगलाने वाटाड्या मिळताच सरदाराच्या मुलाला बाहेर सोडलं. अठरा दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा मराठ्यांकडे आला, म्हणून फाजलखानाची सुटका आपल्या गोष्टीत एका ओळीच्या वर जात नाही.

पोलादपूरजवळच्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. तिथे येणारे लोक कोंढाण्याच्या कड्याबद्दल बोलतात, म्हणजे ज्या घरातून कोणालाच चाल नाही अशा घरातून आलेल्या चालीबद्दल. तो वेगळा प्रकार, आणि खेळात तो सोपा आहे. एका युनिटला कडा चढायची मुभा दिली की झालं.

त्यापेक्षा मला कठीण वाटतो तो संगमेश्वरचा दिवस, जो आम्ही शाळेत मान खाली घालून वाचतो. १ फेब्रुवारी १६८९. कोल्हापूरकडे असलेला मुकर्रबखान निवडक दोन-तीन हजार माणसं घेऊन घाट उतरून कोकणात आला आणि संभाजी महाराज पकडले गेले. घाट आमचा, रान आमचं, कोकण आमचं, आणि अचानक हल्ला मोगलांचा. फितुरी कोणाची यावर आजही डोकी फुटतात. मोगल इतिहासकार मात्र एक बारीक गोष्ट सांगतात. ते शत्रूचं लिखाण आहे, ते तसंच वाचायला हवं. पण ते म्हणतात की हेरांनी फौज येतेय ही खबर आणली होती, आणि मोगल या वाटेने इतक्या लवकर पोचूच शकत नाहीत, म्हणून ती झिडकारली गेली. हे खरं असेल तर तिथेही धुकं नव्हतं. फौज दिसली होती. सह्याद्री परक्याला उतरता येत नाही, ही समजूत तीस वर्षांत आपल्याच बाजूला मुरली होती, आणि ती मुरायला प्रतापगडाचा विजयही कारण झाला असेल, असं मला वाटतं. लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटतं.

त्यानंतर महाडच्या डोक्यावरच्या रायगडाला वेढा पडला. तो नोव्हेंबर १६८९पर्यंत चालला आणि येसूबाई व लहानगे शाहू मोगलांच्या हाती लागले. त्या वेढ्यात अचानक असं काही नव्हतं. गडावरून खालची फौज आणि खालून गड, सगळ्यांना सगळं महिनोन्‌महिने दिसत होतं.